पंचवीस डॉलर ते पंचवीस कोटी डॉलर

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

दोन-तीन वर्षांत आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही ‘पॉडकास्ट’ हा शब्द चांगलाच रुळलाय. माजी नगराध्यक्षांना पॉडकास्ट करायचाय, क्लासवाल्या सरांना करायचाय, खताच्या दुकानदाराला करायचाय. पत्रकार भेटला की लोक म्हणतात, ‘तुम्ही पेपरवाले, तुम्हीच का नाही सुरू करत? त्यात लई पैसा आहे.’ आणि दाखला हमखास अमेरिकेतल्या जो रोगनचा. नुसत्या गप्पा मारून दोन हजार कोटी कमावले म्हणे.

आकडा फारसा चुकीचा नाही. पण ‘नुसत्या गप्पा मारून’ हे खरं नाही. विनोद सांगणाऱ्या माणसाला पैसे कसे मिळत गेले आणि ते देणाऱ्याने बदल्यात काय काय घेतलं, याचा पन्नासेक वर्षांचा इतिहास त्यामागे आहे. तो आपल्या धंद्यालाही लागू पडतो, म्हणून लिहितोय.

सुरुवात करू १९७९ पासून.

लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डवर ‘कॉमेडी स्टोअर’ नावाचा क्लब आहे. १९७२ साली सुरू झाला आणि पुढे घटस्फोटाच्या वाटणीत मित्झी शोर या बाईंच्या ताब्यात आला. त्याच वर्षी जॉनी कार्सनचा ‘टुनाइट शो’ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे हलला. हा शो म्हणजे अमेरिकेतल्या विनोदवीरांसाठी पंढरीच. कार्सनसमोर पाच मिनिटं रंगली की आयुष्य बदलायचं. आणि कार्सनची माणसं नवे चेहरे शोधायला कॉमेडी स्टोअरमध्ये यायची. त्यामुळे देशभरातली पोरं बॅगा भरून या क्लबाच्या दारात येऊन उभी राहिली.

क्लबात प्रवेशाला पैसे पडत. दारूचं बिल वेगळं. वेटरला पगार, दारू देणाऱ्याला पगार, झाडू मारणाऱ्याला पगार. फक्त ज्याला ऐकायला लोक येत, त्या स्टेजवरच्या माणसाला एक दमडी मिळत नसे. मित्झीबाईंचं म्हणणं असं, की ही शाळा आहे. इथे तुम्हाला शिकायला मिळतं, मोठी माणसं तुम्हाला बघतात, हेच तुमचं मानधन.

हे वाचून आमच्या लाइनमधल्या कोणाला ओळखीचं वाटलं असेल तर नवल नाही. तालुक्याच्या वार्ताहराला आजही बहुतेक ठिकाणी पगार नसतो. जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन. बातमीचे पैसे मागितले तर उत्तर ठरलेलं: नाव छापून येतं ना, गावात ओळख होते ना, मग अजून काय पाहिजे? मी डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा मलाही हेच सांगितलं गेलं. भाषा आणि देश बदलतो, मालकाचं वाक्य तेच राहतं.

१९७९ च्या मार्चअखेर विनोदवीरांनी संप केला. टॉम ड्रीसन हा त्यांचा पुढारी. पुढे टीव्हीवर अफाट मोठे झालेले डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सहाएक आठवडे क्लबासमोर फलक घेऊन माणसं उभी होती. शेवटी तडजोड झाली: एका सेटला, म्हणजे स्टेजवरच्या एका पाळीला, २५ डॉलर. आजच्या हिशेबाने शंभरेक डॉलर. पेट्रोल आणि जेवण सुटेल एवढेच.

हे २५ डॉलरही फुकट मिळाले नाहीत. संपात पुढे असलेल्या काहींना नंतर पाळ्या मिळेनाशा झाल्या अशी तक्रार होती. त्यांतल्या स्टीव्ह ल्युबेटकिन या तरुण विनोदवीराने १ जून १९७९ रोजी, संप मिटून महिनाही उलटला नसताना, क्लबाशेजारच्या हॉटेलच्या इमारतीवरून उडी मारून जीव दिला. अमेरिकी विनोदाच्या इतिहासात ही जखम अजून ओली आहे.

पुढचं दशक भरभराटीचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत गावोगावी कॉमेडी क्लब निघाले. मग केबल टीव्हीवर तोच विनोद रोज रात्री घरबसल्या दिसू लागला. १९९० च्या सुमारास लोकांनी तिकीट काढणं कमी केलं आणि क्लब धडाधड बंद पडू लागले. म्हणजे जो माल विकायचा, तोच दुसऱ्या दुकानात फुकट वाटला जात होता. वर्तमानपत्रांचं पुढे इंटरनेटवर जे झालं, त्याची ही रंगीत तालीम समजा.

आता कमाईची एकच शिडी उरली. क्लब, तिथून कार्सन, तिथून स्वतःची टीव्ही मालिका. रोझॅन बार, जेरी साइनफेल्ड याच शिडीने वर गेले. मालिका चालली की पुनःप्रक्षेपणाचे पैसे वर्षानुवर्षं येत राहतात. पण शिडी टीव्ही कंपनीच्या भिंतीला टेकवलेली. कंपनीने ती कधी काढून घ्यायची, हे विनोदवीराच्या हातात नव्हतं.

याच काळात जो रोगन उगवतो.

जन्म १९६७ चा, न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरातला. वडील पोलीस. आईवडील लवकर विभक्त झाले, मग घर बदलत बदलत बोस्टनजवळ स्थिरावलं. पोरगा तायक्वांदोत पटाईत, स्पर्धा जिंकलेला, शिकवायचाही. डोकेदुखीचा त्रास सुरू झाल्यावर लढणं सोडलं. ऑगस्ट १९८८ मध्ये बोस्टनच्या ‘स्टिचेस’ क्लबात तो पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला. पोटासाठी पडेल ते काम: बांधकामावर मजुरी, लिमोझिन चालवणं, एका खाजगी गुप्तहेराकडे मदतनीस. आणि हो, पेपर टाकायचं कामसुद्धा. वर्तमानपत्रांचा निम्मा वाचक ज्या माध्यमाने ओढून नेला, त्याचा सगळ्यात मोठा चेहरा एकेकाळी लोकांच्या दारात पेपर टाकत होता.

१९९४ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. ‘हार्डबॉल’ ही मालिका नऊ भागांत आटोपली. मग १९९५ ते १९९९ एनबीसीवर ‘न्यूजरेडिओ’ मालिका, तिच्यात हा एका बातम्यांच्या रेडिओ स्टेशनवरचा इलेक्ट्रिशियन. रात्री कॉमेडी स्टोअरमध्ये सेट. त्याच मित्झीबाई, तेच स्टेज.

१९९७ मध्ये त्याने अमेरिकेत नव्याने आलेल्या ‘यूएफसी’च्या कुस्तीवजा मारामारीच्या सामन्यांत खेळाडूंच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. या खेळाची तेव्हा अवस्था अशी, की अनेक राज्यांत बंदी आणि टीव्हीवर जागा नाही. मानधनापेक्षा प्रवासखर्च जास्त व्हायला लागला म्हणून त्याने ते सोडलं. २००१ मध्ये फर्टिटा बंधू आणि डेना व्हाइट यांनी ही कंपनी फक्त २० लाख डॉलरला विकत घेतली. व्हाइटने रोगनला समालोचनाला बोलावलं. पहिले पंधराएक सामने रोगनने पैसे न घेता केले, मित्रांसाठी पुढच्या रांगेतल्या तिकिटांच्या बदल्यात.

तो फुकट का करू शकला? कारण दुसरीकडून पैसे येत होते. २००१ ते २००६ तो ‘फिअर फॅक्टर’चा सूत्रसंचालक होता. ज्यावरून आपल्याकडे ‘खतरों के खिलाडी’ निघालं, तोच हा कार्यक्रम. लोकांना किडे खायला लावायचे, उंचावरून लटकवायचं, आणि याने बाजूला उभं राहून ओरडायचं. विनोदवीर म्हणून त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण घर चालत होतं.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. फुकट काम दोन प्रकारचं असतं. पोट भरलेला माणूस स्वतःच्या हौसेने करतो ते एक. आणि दुसरा पर्यायच नसल्याने ‘ओळख होईल’ या आशेवर करावं लागतं ते दुसरं. १९७९ चे विनोदवीर दुसऱ्या प्रकारातले. आमचे तालुका वार्ताहरही त्यातलेच. ‘रोगननेही आधी फुकट केलं होतं’ असं उदाहरण कोणी पोरांना देत असेल, तर त्याच्या मागे एनबीसीचा चेक होता हेही सांगा.

२००७ मध्ये आणखी एक घडलं. कार्लोस मेन्सिया हा तेव्हाचा टीव्हीवरचा यशस्वी विनोदवीर दुसऱ्यांचे जोक चोरतो, असा आरोप रोगनने कॉमेडी स्टोअरच्या स्टेजवर चढून त्याच्या तोंडावर केला. मेन्सियाने आरोप नाकारले. परिणाम असा, की रोगनच्या एजन्सीने त्याला सोडलं, क्लबाने बंदी घातली. तेरा वर्षं जिथे घालवली ते स्टेज सात वर्षं बंद. दुसऱ्याच्या स्टेजवर आपण कितीही मोठे असलो तरी भाडेकरूच, हा धडा त्याला तिथे मिळाला असणार.

आता पॉडकास्टकडे वळू.

हे तंत्र समजून घ्या, कारण सगळा पैशाचा खेळ त्यावर उभा आहे. आवाजाची फाइल तुम्ही इंटरनेटवर कुठेतरी ठेवता. ‘आरएसएस’ नावाची एक साधी यादी असते, नवी फाइल आली की तिच्यात नोंद होते. जगातलं कुठलंही ॲप ती यादी वाचून फाइल उचलू शकतं. कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला भाडं द्यावं लागत नाही. २००४ च्या सुमारास ‘पॉडकास्ट’ हा शब्द आला, २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. गावच्या विहिरीसारखं हे माध्यम होतं, ज्याच्याकडे दोर आणि बादली आहे त्याने पाणी शेंदावं.

त्याकडे लवकर धावलेल्यांत विनोदवीर होते. कारण त्यांना बोलायची सवय होती आणि टीव्हीत जागा मिळत नव्हती. सप्टेंबर २००९ मध्ये मार्क मॅरन या पन्नाशीकडे झुकलेल्या विनोदवीराने सुरुवात केली. रेडिओची नोकरी गेलेली, घटस्फोट झालेला, खिसा रिकामा. सुरुवातीचे भाग त्याने नोकरी गेलेल्या त्याच रेडिओच्या स्टुडिओत रात्री गुपचूप जाऊन रेकॉर्ड केले, नंतर घराच्या गॅरेजमध्ये. जून २०१५ मध्ये त्या गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येऊन बसले. देशाचा प्रमुख एका विनोदवीराच्या गॅरेजमध्ये तासभर बोलतो, हे तेव्हा अप्रूप होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅरनने आपला कार्यक्रम स्वतःच्या मर्जीने थांबवला, शेवटचा पाहुणा पुन्हा ओबामाच.

दुसरं उदाहरण लुई सी. के. चं. डिसेंबर २०११ मध्ये त्याने आपला एक तासाचा कार्यक्रम टीव्ही कंपनीला न विकता स्वतःच्या वेबसाइटवर ५ डॉलरला ठेवला. बारा दिवसांत दहा लाख डॉलर जमले. त्याने हिशेब जाहीर केला: अडीच लाख खर्चापोटी, अडीच लाख सहकाऱ्यांना बोनस, २ लाख ८० हजार धर्मादाय संस्थांना, उरलेले २ लाख २० हजार स्वतःला. अमेरिकी करमणुकीच्या धंद्यात असा उघडा हिशेब क्वचितच कोणी दिला असेल.

पण याची दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये त्याच्या लैंगिक गैरवर्तनाच्या महिलांच्या तक्रारी छापून आल्या आणि त्या खऱ्या असल्याचं त्याने मान्य केलं. टीव्ही आणि सिनेमा कंपन्यांनी संबंध तोडले. तरी त्याची स्वतःची वेबसाइट आणि ग्राहकांची यादी शाबूत होती. तिच्या जोरावर तो परत आला, २०२२ मध्ये ग्रॅमीही मिळालं. श्रोते ज्याच्या थेट ताब्यात आहेत, त्याला मालक गप्प करू शकत नाही हे चांगलं. पण त्याला जाब विचारणारंही मग कोणी उरत नाही.

रोगनचा पॉडकास्ट सुरू झाला २४ डिसेंबर २००९ ला. ब्रायन रेडबन हा मित्र, घरातला कॅमेरा, एक लॅपटॉप. पाहुणे म्हणजे क्लबातले दोस्त. दोन-तीन तासांच्या गप्पा, संपादन नाही, आधी ठरवलेले प्रश्न नाहीत. पहिल्या दिवशी कोणाला वाटलं नसेल की हा धंदा आहे.

यात पैसा येतो कसा? पॉडकास्टच्या जाहिरातीचा दर हजार श्रोत्यांमागे मोजतात. अमेरिकेत तो एका जाहिरातीला साधारण वीसएक डॉलर धरा. म्हणजे पाच हजार श्रोते असतील तर एका जाहिरातीचे शंभर डॉलर. तिथले बहुसंख्य पॉडकास्ट यापलीकडे जात नाहीत, आणि आपल्याकडचे दर यापेक्षा पुष्कळ कमी. पण श्रोते पन्नास लाख असतील तर तीच जाहिरात एक लाख डॉलरची होते. खर्च मात्र दोघांचा जवळपास सारखाच: माइक, खोली, वीज. त्यामुळे या धंद्यात मधला वर्ग नाही. वरच्या चार जणांना अफाट मिळतं, खालच्या हजारोंना चहापाणी.

रोगनने आणखी एक शहाणपणा केला. नुसत्या जाहिराती न घेता ‘ऑनिट’ या पूरक आहाराच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीत भागीदारी घेतली आणि आपल्याच कार्यक्रमात तिचा गाजावाजा केला. २०२१ मध्ये ती कंपनी युनिलिव्हरने विकत घेतली. इथे एक क्षण थांबा. जो माणूस पाहुण्यांशी आरोग्यावर तासन्‌तास बोलतो, तोच गोळ्याही विकतो. वर्तमानपत्रात बातमीच्या शेजारी जाहिरात असेल तर निदान चौकट तरी आखतात.

२०१९ मध्ये त्याने स्वतः सांगितलं, की महिन्याला १९ कोटी डाउनलोड होतात. एलॉन मस्क येऊन गेला, बर्नी सँडर्स येऊन गेले. आणि मग आली स्पॉटिफाय.

स्पॉटिफायचं दुखणं काय होतं? ही स्वीडनची कंपनी गाणी ऐकवते. पण गाणी तिची नाहीत. मिळालेल्या दर रुपयातले सुमारे सत्तर पैसे गाण्यांच्या मालकांना जातात. श्रोते वाढले की ही देणीही वाढतात, म्हणून कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात. पॉडकास्टला मात्र प्रत्येक ऐकण्यामागे कोणाला काही द्यावं लागत नाही. एकदा ठोक रक्कम मोजली की पुढचं सगळं आपलं.  म्हणून २०१९ मध्ये स्पॉटिफायने पॉडकास्ट बनवणाऱ्या कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती भारतातही आली.

१९ मे २०२० रोजी रोगनशी करार जाहीर झाला. तेव्हा आकडा सांगितला गेला १० कोटी डॉलरच्या वर. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की खरी रक्कम साडेतीन वर्षांसाठी किमान २० कोटी डॉलर आहे. अट एकच: कार्यक्रम फक्त स्पॉटिफायवर. म्हणजे विहिरीला कुंपण घातलं, आणि सगळ्यात जास्त पाणी शेंदणाऱ्याला आत घेतलं. त्याच वर्षी रोगन कॅलिफोर्निया सोडून टेक्ससच्या ऑस्टिन शहरात गेला. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, हेही हिशेबात धरा.

पण पैसे दिले की जबाबदारी येते, निदान लोक तरी तसं मानतात. कोविडच्या काळात रोगनच्या कार्यक्रमात लशीबद्दल शंका घेणारे पाहुणे आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तरुण, निरोगी लोकांना लशीची गरज नाही असं तो स्वतः बोलला, आणि गदारोळ झाल्यावर मी डॉक्टर नाही, मी काही खात्रीचा माहितीस्रोत नाही, अशा अर्थाचं म्हणाला. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या २७० डॉक्टर आणि तज्ज्ञांनी स्पॉटिफायला पत्र लिहिलं. ज्येष्ठ गायक नील यंग यांनी आपली गाणी काढून घेतली, पाठोपाठ जोनी मिचेल यांनी. मग रोगनने वंशवाचक शिवी वापरल्याच्या जुन्या तुकड्यांचा व्हिडिओ फिरला, त्याने माफी मागितली, अनेक जुने भाग काढले गेले. रंबल नावाच्या कंपनीने त्याच आठवड्यात त्याला १० कोटी डॉलरचं जाहीर आमंत्रण दिलं. तो गेला नाही.

स्पॉटिफायची भूमिका अशी, की आम्ही त्याचे संपादक नाही, प्रसारक आहोत. करार करताना, पैसे मोजताना, शेअर बाजाराला सांगताना तो ‘आमचा’. मजकुराबद्दल विचारलं की ‘त्याचा’.

२०२३ मध्ये स्पॉटिफायने तीन वेळा नोकरकपात केली. जूनमध्ये फक्त पॉडकास्ट विभागातली दोनशे माणसं गेली. शोधपत्रकारितेचे, महिनोन्‌महिने राबून केलेले कार्यक्रम करणारी ‘गिमलेट’ ही विकत घेतलेली संस्था दुसऱ्या विभागात मिसळून संपवली. डिसेंबरमध्ये एकूण कर्मचाऱ्यांपैकी १७ टक्के घरी गेले. आणि २ फेब्रुवारी २०२४ ला रोगनशी नवा करार. वॉल स्ट्रीट जर्नलच्या अंदाजानुसार २५ कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे आपले दोन हजार कोटी रुपये. त्यात काही हमीची रक्कम, बाकी जाहिरातीतला वाटा. त्या वर्षी स्पॉटिफायला पहिल्यांदाच पूर्ण वर्षाचा नफा झाला.

दोष रोगनचा नाही, तो त्याचा भाव घेतोय. पण बाजाराचा कौल काय आहे ते पाहा. कागदपत्रं तपासून, दहा जणांना फोन करून, चूक झाली तर कोर्टात उभं राहून केलेल्या कामाला गिऱ्हाईक नाही. एक माणूस दुसऱ्याला तीन तास बोलू देतो, त्याला आहे. कारण तपासणीला खर्च येतो आणि गप्पांना येत नाही.

नव्या करारात कुंपणही निघालं. कार्यक्रम पुन्हा यूट्यूबवर, ॲपलवर, सगळीकडे. पुढच्या महिन्यात नील यंगही स्पॉटिफायवर परतले, कारण तो कार्यक्रम आता सगळ्याच दुकानांत होता, गाणी काढायची तरी कुठून कुठून?

मार्च २०२३ मध्ये रोगनने ऑस्टिनमध्ये स्वतःचा क्लब उघडला, ‘कॉमेडी मदरशिप’. कॉमेडी स्टोअरमधला एकेकाळचा भाडेकरू आता घरमालक झाला. आणि २५ ऑक्टोबर २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प त्याच्यासमोर जवळपास तीन तास बसले. कमला हॅरिस यांच्याशी बोलणी झाली, पण रोगनच्या म्हणण्यानुसार त्यांच्या बाजूने एका तासाची आणि त्याने प्रवास करून येण्याची अट होती, ते जुळलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने ट्रम्प यांना पाठिंबा दिला. विजयाच्या रात्री ट्रम्प यांच्या व्यासपीठावरून डेना व्हाइटने रोगनचे आभार मानले. पंधरा सामने फुकट केले होते, तोच हा डेना व्हाइट.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर आले, मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्या. खाली जिल्ह्यापर्यंत तोच कित्ता. निवडणुकीत उमेदवार पत्रकार परिषद टाळतो आणि पॉडकास्टला दोन तास देतो. पत्रकार परिषदेत कोणीतरी पाणीयोजनेच्या बिलाचं विचारेल, पॉडकास्टमध्ये लहानपणचे कष्ट विचारतात. आमच्या भागात तर काही ठिकाणी मुलाखत देणाराच मुलाखत घेणाऱ्याला पैसे मोजतो, आणि ते कुठल्या चौकटीत लिहून येत नाही.

विनोदवीरांचं म्हणाल तर मार्च २०२५ आठवा. कुणाल कामराच्या कार्यक्रमानंतर खारचा ‘हॅबिटॅट’ स्टुडिओ फोडला गेला. नंतर बुकमायशोच्या यादीतून त्याचं नाव निघालं. तेव्हा त्याने कंपनीकडे जे मागितलं ते मला फार नेमकं वाटलं. माझं नाव यादीत ठेवा, नाहीतर माझ्या कार्यक्रमांना आलेल्या प्रेक्षकांची माहिती मला द्या. कामरा आवडो न आवडो, मुद्दा मोठा आहे. तिकीट त्याच्या नावावर विकलं गेलं, पण ते घेणारा कोण हे फक्त कंपनीला माहीत. १९७९ मध्ये दार मित्झीबाईंच्या हातात होतं, आता यादी ॲपच्या हातात आहे.

तेव्हा पॉडकास्ट काढणाऱ्या माझ्या गावच्या पोरांना माझं सांगणं एवढंच. जरूर काढा. पण श्रोत्यांचे नंबर, ईमेल स्वतःच्या वहीत ठेवा, उद्या ॲपने नियम बदलले तर तेच कामाला येतील. पैसे कोणाकडून घेतले ते कार्यक्रमात सांगा. पाहुण्याने आकडा फेकला तर ‘हे कुठून आणलं?’ एवढं तरी विचारा. आणि ‘ओळख होईल’ म्हणून कोणी फुकट राबवत असेल, तर त्याच्या वेटरला पगार मिळतो का, ते आधी बघा.

ऐकणाऱ्यांनाही एक सांगतो. रोगनचा कार्यक्रम तुम्हाला फुकट मिळतो, कारण तुमचा वेळ कोणीतरी हजाराच्या भावाने विकत घेतंय. ग्रामपंचायतीच्या टेंडरची बातमी त्या भावात बसत नाही, तिला हजार श्रोतेसुद्धा मिळायचे नाहीत. तिचा खर्च गावानेच उचलायला हवा, पेपरची वर्गणी भरून म्हणा, वार्ताहराला मोबदला मिळतो का हे संपादकाला विचारून म्हणा. तो कोणीच उचलला नाही तर ती बातमी येणार नाही. गप्पा मात्र रोज येतील, तीन-तीन तासांच्या.